कुलीन आणि विनीत
(शिंगरास वळण लावण्याच्या विद्येचा इतिहास)

वार्षिक स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या पूर्वजांचे स्मरण करावे, त्यांच्या वंशावळी छापाव्यात आणि त्यांनी गाजविलेल्या स्वाऱ्यांची वर्णने नव्या पिढीपुढे ठेवावीत, असा आपल्याकडे जुना प्रघात आहे. हा प्रघात योग्यच आहे. तथापि अशी वर्णने वाचताना प्रस्तुत लेखकाच्या मनात एक साधी शंका नेहमी येते. अमुक पुरुष घोड्यावर स्वार होऊन नर्मदापार गेला, असे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या घोड्यास स्वार पाठीवर घेण्यास कोणी शिकविले, हे मात्र आपण कधीच विचारीत नाही. घोडा पाठीवर खोगीर घेऊन जन्मास येत नाही. तोफेचा आवाज झाला असता जागच्या जागी उभे राहणे, नदीच्या वाहत्या पाण्यात पाय घालणे, टाचेच्या किंचित स्पर्शाने वळणे, ह्यांपैकी एकही गोष्ट त्याच्या स्वभावात नाही. उलट भय वाटताच पळत सुटणे हाच त्याचा निसर्गधर्म आहे. तो निसर्गधर्म बाजूस ठेवून त्याने मनुष्यावर विश्वास टाकावा, ह्यासाठी कोणीतरी दोन-तीन वर्षे खपलेले असते. त्या खपणाऱ्यांचा आणि त्यांच्या विद्येचा थोडासा वृत्तांत वाचकांस सादर करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

आरंभी दोन शब्दांकडे लक्ष वेधितो. संस्कृत शब्दांचा जो कोश आपल्या वाडवडिलांस लहानपणी मुखोद्गत असे, त्या अमरकोशात घोड्याच्या प्रकरणी दोन निरनिराळे शब्द शेजारी शेजारी आले आहेत. चांगल्या कुळात जन्मलेल्या घोड्यास ‘आजानेय’ म्हटले आहे, आणि जो शिकून तयार झाला असून स्वारास नीट वाहून नेतो त्यास ‘विनीत’ म्हटले आहे. कूळ आणि शिक्षण ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कोशकारास पक्के ठाऊक होते. आज आपण नम्र मनुष्यास विनीत म्हणतो आणि पत्राच्या शेवटी ‘आपला विनीत’ असे लिहितो. पण ज्यास वळण लावले आहे तो विनीत, हा त्या शब्दाचा मूळ भाव आहे. त्याच कोशात घोड्याच्या पिलास ‘किशोर’ असा शब्द आहे. आपल्या घरातील किशोरवयीन मुलांस आपण जे नाव देतो, ते घोड्याच्या शिंगराचेही नाव होते, ही गोष्ट सहज विसरण्याजोगी नाही.

ही विद्या किती जुनी असावी? आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, बोगाझकोय येथे विसाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या उत्खननात हित्ती राजांचे मातीच्या विटांवर लिहिलेले ग्रंथभांडार सापडले. त्यात मितन्नी देशाच्या किक्कुली नावाच्या एका अश्वशिक्षकाने सांगितलेला ग्रंथ आहे. तो इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. त्यात रथाच्या घोड्यांस कोणत्या दिवशी किती अंतर कोणत्या चालीने न्यावे, केव्हा पाणी द्यावे, केव्हा विश्रांती द्यावी, ह्याचा दिवसवार क्रम लिहिलेला आहे. घोड्यांनी घ्यावयाच्या फेऱ्यांना त्यात ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नावर्तन्न अशी नावे आहेत. एक, तीन, पाच, सात आणि नऊ हे आकडे त्यांत कोणाही मराठी वाचकास ओळखू येतील, आणि ‘वर्तन’ म्हणजे फेरा हेही समजेल. तीन हजार तीनशे वर्षांपूर्वी आपल्या भाषाकुळातील शब्द घोड्याच्या शिक्षणाच्या निमित्ताने इतक्या दूर पोचले होते.

किक्कुलीचा ग्रंथ रथाच्या घोड्यांचा आहे. पाठीवर स्वार घेणाऱ्या घोड्याचा विचार आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात स्पष्ट दिसतो. हा ग्रंथ अनेक शतके लुप्तप्राय होता, म्हैसूरच्या आर. शामशास्त्री ह्यांच्या हाती त्याचे हस्तलिखित आले आणि १९०९ साली त्यांनी तो छापून प्रसिद्ध केला. त्यातील अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात शिंगराच्या आहाराचा क्रम सांगितला आहे. प्रथम दूध, तूप आणि पीठ. सहा महिन्यांनंतर जव. आणि मग तो जव हळूहळू वाढवीत न्यावयाचा. चार किंवा पाच वर्षांचा झाल्यावरच घोडा पूर्ण वाढीचा व कामास योग्य होतो, असा निर्णय तेथे दिला आहे. आजच्या पशुवैद्यकाने हाच निर्णय दुसऱ्या वाटेने गाठला आहे. घोड्याच्या पुढच्या पायांची गुडघ्यावरील हाडे साधारण अडीच वर्षांच्या सुमारास पक्की होतात. परंतु ज्या पाठीवर आपण खोगीर ठेवतो, त्या पाठीच्या कण्याचे मणके पूर्ण पक्के होण्यास पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. शर्यतीच्या घोड्यांस दुसऱ्याच वर्षी धावावयास लावण्याची जी रीत आज जगभर रूढ आहे, तिच्याशी ताडून पाहिले असता कौटिल्याचा सबुरीचा उपदेश किती दूरदृष्टीचा होता, हे ध्यानी येते.

कौटिल्याने स्वारीच्या घोड्याच्या चालींचे पाच वर्ग केले आहेत: वल्गन, नीचैर्गत, लंघन, धोरण आणि नारोष्ट्र. पैकी पहिले चार हे फिरण्याचे, उडी मारण्याचे व दौडण्याचे प्रकार आहेत. परंतु पाचवा ‘नारोष्ट्र’ म्हणजे खुणेप्रमाणे वागणे होय. नुसती धाव म्हणजे विद्या नव्हे, खूण ओळखून वागणे हीच विद्येची पूर्तता, असा त्याचा अभिप्राय दिसतो. त्याच प्रकरणात घोडा बांधणारा, गवत आणणारा, दाणा शिजविणारा, तबेला राखणारा, केस कातरणारा आणि विषावर उपाय जाणणारा अशा सर्व चाकरांची कर्तव्ये सांगितली असून, कामात कसूर करणाऱ्याचे त्या दिवसाचे वेतन कापावे असा नियम आहे. घोडा एकट्या स्वाराचा नसतो, हे त्या राज्यकारभारी पंडितास पुरते माहीत होते.

अग्निपुराणातही अश्ववाहनाविषयी एक अध्याय आहे. हेमंत, शिशिर आणि वसंत हे ऋतू घोडा फिरविण्यास चांगले. ग्रीष्म, वर्षा आणि शरद टाळावेत. खुंट, हाडे, काटे, खळगे असलेल्या जागी घोडा घालू नये. कठोर काठीने किंवा भलत्या ठिकाणी त्यास मारू नये, असे नियम त्यात आहेत. तेथील एक विचार मात्र विशेष मार्मिक आहे. घोड्याचे मन न ओळखता व उपाय न जाणता जो त्यावर बसतो, त्याला घोडाच हाकून नेतो, अशा अर्थाचे ते वचन आहे. वरून पाहणाऱ्यास तो मनुष्य स्वार दिसतो. खरा धनी कोण, हे घोड्यास ठाऊक असते.

ही परंपरा दख्खनातही नांदत होती. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजाने ज्ञान आणि विनोद ह्यांत काळ कसा घालवावा, ह्याचा तो एक विश्वकोशच आहे. त्यातील ‘वाजिवाह्याली विनोद’ ह्या प्रकरणात घोडे फिरविण्याच्या क्रीडेचे वर्णन आहे. पुढे तंजावरच्या मराठी राज्यात सरफोजी राजांनी (दुसरे) वाढविलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात नकुलाच्या नावावर असलेले अश्वशास्त्राचे सचित्र हस्तलिखित जतन झाले, आणि १९५२ साली ते तेथूनच छापले गेले. पांडवांपैकी नकुलाने अज्ञातवासात विराटाच्या घरी ‘ग्रंथिक’ हे नाव घेऊन अश्वपालाची चाकरी केली, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. राजपुत्राने तबेल्यातील काम पत्करले, ह्यात महाभारतकारास कमीपणा वाटला नाही. अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य शालिहोत्र; त्याच्याच नावावरून घोड्याच्या वैद्यास पुढे ‘सलोत्री’ म्हणू लागले.

ग्रीक लोकांतही असाच विचार झाला होता. अथेन्सचा सेनानी व इतिहासकार झेनोफन ह्याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर एक छोटा ग्रंथ लिहिला. मुलास कारागिराकडे उमेदवारीस ठेवताना जसा करार करतात, तसा शिंगरू शिक्षकाच्या हाती देताना तो काय काय शिकून परत यावा हे लिहून घ्यावे, असे तो सांगतो. भूक, तहान आणि माश्यांचा जाच ह्यांचा संबंध शिंगराच्या मनात एकटेपणाशी जोडला जावा. अन्न, पाणी आणि सुटका ह्यांचा संबंध मनुष्याशी जोडला जावा, हे त्याचे पहिले सूत्र आहे. घोडा एखाद्या वस्तूस बुजला असता त्यास मारू नये. कारण मार लागला म्हणजे वेदना त्या वस्तूमुळेच झाली असे तो समजतो आणि भय दुणावते. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊच नये, हा त्याचा उपदेश आज चोवीसशे वर्षांनंतरही जाणत्या लोकांस शिरोधार्य वाटतो.

शिकवण व निगा ह्यांशिवाय नुसते कूळ किती निरुपयोगी ठरते, ह्याचा एक दाखला मार्को पोलोच्या प्रवासवृत्तात आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो तमिळ किनाऱ्यावर आला होता. तेथील राजे समुद्रमार्गे अरबस्तान व इराण ह्यांकडील घोडे प्रचंड किंमत देऊन दरवर्षी हजारोंनी विकत घेत; परंतु त्यांची निगा राखणारे जाणते लोक नसल्यामुळे वर्षअखेर त्यांतील थोडेच जगत, असे त्याने नमूद केले आहे. घोडे उत्तम कुळातील होते, द्रव्यही अमाप होते. खरारा करणारा जाणता हात तेवढा नव्हता.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मराठी घोडदळाची व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासदाने छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेल्या बखरीत दिली आहे. सरकारी घोड्यांवर बसणारे ते बारगीर, व स्वतःचा घोडा आणणारे ते शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांचा एक हजारी अशी ती रचना होती. परंतु त्याच वर्णनातील दुसरा तपशील अधिक बोलका आहे: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. स्वारांच्या संख्येबरोबरच पाणी घालणाऱ्याची व नाल ठोकणाऱ्याची संख्याही राज्यकर्त्याने ठरवून दिली होती. पावसाळ्यात लष्कर छावणीस येई, तेव्हा घोड्यांसाठी दाणा, वैरण, औषधे आणि गवताने शाकारलेली घरे अगोदरच तयार ठेवलेली असत. दसऱ्यास पुन्हा कूच होई. पावसाळ्याचे हे महिने म्हणजे घोड्याच्या विश्रांतीचे महिने असत. वर्षाऋतूत वाहन वर्ज्य करावे, ही पुराणातील सूचना येथे राज्याची रीतच होऊन बसलेली दिसते.

राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात शिवाजी महाराजांनी चिपळूण भागात मुक्कामास असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस पाठविलेले पत्र प्रसिद्धच आहे. रयतेस कसलाही उपद्रव देऊ नये, ही त्यातील आज्ञा आपण वारंवार उद्धृत करतो. पण त्या पत्राचा मोठा भाग घोड्यांविषयी आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते. साठविलेला दाणा व वैरण आरंभीच मन मानेल तशी उधळली, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही. घोडी मरू लागतील. आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा इशारा त्यात दिला आहे. रात्री जळता दिवा राहिला तर उंदीर वात ओढून नेईल, गवताच्या गंजीस आग लागेल, मग घोडी कशी वाचावी, इथपर्यंत त्यात विचार केलेला आहे. राज्याभिषेकाची सिद्धता करणारा पुरुष उंदराच्या तोंडातील वातीची चिंता करीत होता. मराठ्यांच्या दौडीचे रहस्य शोधणाऱ्याने ह्या वातीपासून आरंभ करावा.

शिंगरास प्रत्यक्ष शिकविण्याचे काम चाबूकस्वाराचे. हा शब्द फारसी आहे. अकबराच्या कारभाराचे वर्णन करणाऱ्या ‘आईने अकबरी’त चाबूकस्वार हा अश्वशाळेतील एक स्वतंत्र हुद्दा म्हणून येतो. नावात चाबूक असला तरी चांगल्या चाबूकस्वाराची कीर्ती चाबूक किती कमी लागतो ह्यावर ठरे. घोडी फिरविणाऱ्या जाणत्या लोकांचा कामाचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या साधारण एकच राहिला आहे, तो येथे थोडक्यात देतो.

शिंगरू आईजवळ असतानाच त्यास मनुष्याच्या हाताची ओळख करून देतात. मान, पाठ, पोट, पाय असा सर्वांगावरून हात फिरवावयाचा; पाय उचलून खुरावर बोटांनी ठोकावयाचे, म्हणजे पुढे नालबंदाच्या हातोड्याचे भय वाटत नाही. आई सुटल्यावर मोहरकी घालून दोरीने चालविण्यास शिकवितात. नित्य खरारा, नित्य त्याच माणसाच्या हातची चंदी आणि नित्य तोच आवाज, हेच पहिल्या दोन-तीन वर्षांचे शिक्षण होय. ह्या काळात घोड्याचे वय दातांवरून पाहतात. समोरचे दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून नवे येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीन वर्षांस आणि कडेचे साडेचार वर्षांस. पाचव्या वर्षी तोंड भरते. व्यापारी काहीही सांगो, तोंड खोटे बोलत नाही.

पुढची पायरी ‘काव्या’ची. लांब दोरीच्या टोकास घोडा आणि मध्यभागी शिक्षक, अशा रीतीने घोड्यास वर्तुळात फिरवितात. प्रथम कदम, मग दुडकी, आणि पुष्कळ दिवसांनी दौड. माणसाप्रमाणे घोड्याचीही एक बाजू सोपी व एक अवघड असते. म्हणून जितके फेरे उजवीकडे तितकेच डावीकडे द्यावयाचे. थांब म्हटले की थांबणे आणि चल म्हटले की चालणे तो येथेच शिकतो. मग पाठीवर घडी केलेली घोंगडी; ती सोसली की तंग न आवळता खोगीर; ते सोसले की तंग हलकेच आवळावयाचा, आणि दररोज थोडा थोडा घट्ट करावयाचा. लगामाचे लोखंड तोंडात देताना कोणी त्यास गूळ लावतात. जे जे नवे असेल, ते घोड्याने प्रथम पाहावे, हुंगावे आणि मगच अंगावर घ्यावे, असा दंडक असतो. घाईने आवळलेला तंग घोडा वर्षानुवर्षे विसरत नाही.

मग हलक्या अंगाचा मुलगा घोड्याच्या पाठीवर नुसता आडवा भार टाकतो आणि लगेच उतरतो. असे काही दिवस गेल्यावर तो पाय टाकून बसतो; दुसरा मनुष्य पुढे दोरी धरून चालतो. पहिली स्वारी पुष्कळ ठिकाणी नांगरलेल्या शेतात करतात. मऊ ढेकळांत घोड्यास उधळण्यास जोर सापडत नाही, आणि स्वार पडलाच तर त्यास फारसे लागत नाही. शेजारी एखादा वयस्क, शांत घोडा ठेवतात. त्यास निर्भय पाहून शिंगरूही धीर धरते. मग वळणे, थांबणे, मागे सरणे. त्यानंतर ढोल-ताशे, निशाणे, पाणी, गर्दी. आणि रोजचे काम संपले की खोगीर काढून पाठ तपासणे हे तर व्रतच होय. कारण एकदा पाठ लागली की पुढचे कित्येक आठवडे घोडा कामातून जातो, आणि खोगीर म्हणजे दुःख हे त्याच्या मनात बसते ते वेगळेच.

ह्या सर्व क्रमाचे मर्म एका गोष्टीत आहे. लगामाचा ताण दिला आणि घोड्याने मान वळविली, की त्याच क्षणी ताण सैल झाला पाहिजे. घोडा ताणाने शिकत नाही. ताण सुटण्याने शिकतो. आपण योग्य केले हे त्यास त्या सैल झालेल्या वादीवरूनच कळते. आज प्राण्यांच्या वर्तनाचा शास्त्रीय अभ्यास करणारेही हेच सांगतात. जो हात घोड्याने ऐकल्यावरही ओढीतच राहतो, तो त्याचे तोंड बधिर करतो. आणि बधिर तोंडाच्या घोड्यास मग कोणतीच खूण कळत नाही.

‘कावा’ ह्या शब्दाने आपल्या इतिहासात एक मोठे स्थान मिळविले आहे. घोड्यास वर्तुळात फिरविणे हा ह्या फारसी शब्दाचा मूळ अर्थ. त्यावरून डावपेच, हुलकावणी हा अर्थ मराठीत आला. ‘गनिमी कावा’ म्हटले की आपणांस डोंगर, खिंडी आणि छापे आठवतात. परंतु शत्रूच्या अंगावर जाऊन क्षणात वळणे, पांगणे आणि पुन्हा एकत्र येणे हे ज्या घोड्यांनी केले, त्यांनी शिंगरूपणी दोरीच्या टोकास असंख्य फेरे घेतले होते. भीमा-नीरेच्या खोऱ्यांतील भीमथडीचे घोडे अरबी घोड्यांच्या मानाने ठेंगणे. देखणेपणात त्यांचा क्रम खालचाच. तरी काटक अंग, थोडक्या वैरणीवर तग धरणे आणि शिकवण ह्यांच्या बळावर त्यांनी काय केले, हे १७२८ सालच्या पालखेडच्या मोहिमेत निजामाने पाहिले. अवजड सामान व तोफखाना घेऊन चाललेल्या शत्रूस पहिल्या बाजीरावाच्या हलक्या घोडदळाने जालना, खानदेश, गुजरात असे हिंडवून अखेरीस पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडीत धरले. कुळाने थोर घोडी दोन्हींकडे असतील. परंतु अशा दौडीत अखेरीस पाठ न लागलेला, नाल न निखळलेला आणि खुणेस वळणारा घोडाच टिकतो.

आणि हे यश कोणा एका ज्ञातीचे नव्हते, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. खोगिरे व जीन शिवणाऱ्या जीनगरांच्या ज्ञातीचे नावच ह्या कामावरून पडले आहे. पखालजी व नालबंद ह्यांत मुसलमान पुष्कळ असत. गवत कापणारे, दाणा भरडणारे आणि मोतद्दार हे तर नाना जातींचे. आपल्या वंशावळीतील ज्या पुरुषाचे चित्र आपण दिवाणखान्यात लावतो, तो ह्या सर्वांच्या श्रमांवर स्वार झाला होता. त्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. आपण निदान त्यांचे काम विसरू नये.

१८१८ साली पेशवाई संपली आणि पागा ओस पडल्या. शिलेदार हा शब्द मात्र इंग्रजांनी उचलला. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येण्याची ‘सिल्लादारी’ पद्धत त्यांच्या हिंदी घोडदळात पहिल्या महायुद्धापर्यंत चालून १९२१ साली बंद झाली. १८१७ साली पुण्याच्या नावाने उभारलेले घोडदळ ‘पूना हॉर्स’ ह्या नावाने पुढे रणगाड्यांचे झाले, आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांत त्याने परमवीरचक्राचा मान मिळविला. १९५३ साली संस्थानी घोडदळांतून उभारलेल्या ६१व्या कॅव्हलरीत ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे भालाईतही सामील झाले. गावोगावच्या वाड्यांतील पागांच्या जागी गोठे झाले, गोठ्यांच्या जागी मोटारी आल्या. तरी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि तापीकाठच्या सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. आणि अलीकडे राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही समाधानाची गोष्ट होय. २०२३ साली महाराष्ट्राने स्वीकारलेल्या राज्यगीतातही भीमथडीच्या तट्टांचा गौरव आहे. परंतु जातीची नोंद झाली म्हणजे आजानेयाची सोय झाली. विनीताची सोय शिकविणारे हात टिकले तरच होईल.

असे हात अद्याप आहेत, ह्याचे प्रत्यंतर पाहावयाचे असेल तर आषाढी वारीतील रिंगण पाहावे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व चालत येतात. त्यांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्यावर कोणीही बसत नाही, तो माउलींचा अश्व. टाळ-मृदंगांचा कल्लोळ, पताका आणि चहूंकडे लक्षावधी माणसे. घोड्यासारख्या भित्र्या प्राण्याने उधळावे अशा सर्व गोष्टी तेथे एकत्र असतात. अशा स्थितीत मोकळ्या पाठीचा तो अश्व वर्तुळात दौडतो, आपली वाट सोडीत नाही, आणि त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यास वारकरी धावतात. लगामास कोणाचा हात नसतानाही जो रिंगण राखतो, तो विनीत. काव्याच्या दोरीने जे शिकविले, ते दोरी सुटल्यावरही त्याच्या अंगी उरले आहे.

वाचकहो, आपण आपल्या कुळांचा अभिमान बाळगतो. तो बाळगण्यास हरकत नाही. परंतु कुळाने शिंगरू मिळते, घोडा मिळत नाही. आपल्या मुलांस आपण थोर पूर्वजांची नावे सांगतो आणि ती नावे ऐकूनच त्यांनी दौडावे अशी अपेक्षा करतो. ती बुजली म्हणजे मारतो, ऐकली तरी लगाम ओढीतच राहतो, आणि कणा पक्का होण्यापूर्वी त्यांच्या पाठीवर आपल्या आकांक्षांचे खोगीर आवळतो. मग मूल उधळले म्हणजे काळास दोष देतो. आपल्या पूर्वजांच्या पागेत असा चाबूकस्वार एक दिवसही टिकला नसता. ज्ञातीच्या सभा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या ह्यांचे खरे काम कुळाची नोंद ठेवण्याचे नाही; ते चाबूकस्वाराचे, मोतद्दाराचे आणि रात्री वात विझली की नाही हे पाहणाऱ्याचे आहे. आजानेय म्हणून जन्मास येणे कोणाच्याही हाती नसते. विनीत होणे, आणि दुसऱ्यास प्रेमाने विनीत करणे, एवढे आपल्या हाती आहे. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत वंशावळीच्या शेजारी, ज्यांनी आपल्यापैकी कोणास शिकविले त्यांचीही नावे, मग ती कोणत्याही ज्ञातीची असोत, छापली जावीत, अशी नम्र सूचना करून हा लेख पुरा करतो.